दहा वाजतांचें कुलूप

कोयनेच्या खोऱ्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस धरणीकंपाचें भय उरत नाहीं असें म्हणतात, आणि तें बव्हंशीं खरें आहे. फडताळांतील भांडीं किणकिणलीं कीं घरची गृहिणी ‘धक्का बसला वाटतं’ एवढेंच म्हणते आणि तव्यावरची पोळी उलटते. आम्हीही त्याच संप्रदायांतले. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहांटे कोयनानगर उद्ध्वस्त झालें, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, ही कथा वडील मंडळींच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकली होती कीं तिची धार केव्हांच बोथट होऊन गेली होती. अतिपरिचयानें अवज्ञा होते ती केवळ माणसांचीच असें नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही त्या भागांतील एका महाविद्यालयांत अध्यापक होतों, आणि वसतिगृहाच्या रेक्टरपदाची माळ आमच्या गळ्यांत पडली होती. नव्या रेक्टरास शिस्तीची जी हौस असते ती आम्हांसही होती. रात्रीं दहाच्या ठोक्यास तळमजल्यावरील चॅनेलचें लोखंडी दार ओढून कुलूप लावावें व किल्ली शिपायानें स्वतःजवळ ठेवावी, हा नियम आमचाच. मुलांच्या सिनेमाच्या वाऱ्या बंद झाल्या, पालकांनीं आमची पाठ थोपटली. शिपाई मात्र आवाराच्या दुसऱ्या टोकास, फाटकाजवळच्या खोलींत निजत असे; ही गोष्ट तेव्हां कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं.

पौषांतील एका रात्रीं मोठा धक्का बसला. इमारत पडली नाहीं. खरें म्हणजे तिला साधा तडाही गेला नाहीं. परंतु तीन मजल्यांवरचीं ऐंशी-नव्वद मुलें अंधारांत एकाच जिन्यानें खालीं धांवलीं, आणि पुढचीं दारावर आपटलीं तरी मागचीं येतच राहिलीं. आम्ही विजेरी घेऊन पोंचलों तेव्हां गजांतून बाहेर आलेले हात तेवढे दिसत होते. ‘सर, किल्ली! सर, किल्ली!’ किल्ली आमच्याजवळ नव्हती. शिपाई येईपर्यंत किती वेळ गेला तें आम्हीं घड्याळांत पाहिलें नाहीं. चार मिनिटें असतील. कुलूप निघाल्यावर जिन्याच्या पहिल्या वळणावर एक मुलगा सांपडला. त्याच्या मांडीचें हाड मोडलें होतें. धरणीनें त्याचें कांहींच केलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. शेतकरी मनुष्य. रागाचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं; उलट, ‘सर, तुमी रातभर दवाखान्यात बसला, लई उपकार झालं,’ म्हणून हात जोडले. तो नमस्कार आम्हांस अद्याप पचलेला नाहीं.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागें लागलों. येथील धरणीकंपांचा जलाशयाच्या चढत्या-उतरत्या पाण्याशीं संबंध आहे हें शास्त्रज्ञांनीं पुष्कळ पूर्वींच दाखविलें होतें. पुढें त्याच्या अभ्यासासाठीं या खोऱ्यांत तीन किलोमीटर खोलीचें छिद्रही घेण्यांत आलें. तथापि धक्का कोणत्या दिवशीं येईल हें कोणीही सांगूं शकत नाहीं. मग हातीं राहतें तें क्षुल्लक वाटणारें काम. ग्रंथालयांतील उंच कपाटें लोखंडी कोन ठोकून भिंतीस जखडलीं. भिंती विद्रूप होतात म्हणून ग्रंथपालांनीं आमच्याशीं महिनाभर अबोला धरला. रसायनशाळेंतील आम्लांच्या बाटल्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आल्या, व फळीच्या कडेस बोटभर उंचीची पट्टी बसली. वर्षांतून दोनदां सराव सुरू झाला : घंटा होतांच धांवूं नये, खालीं बसावें, बाकाखालीं डोकें घालावें, बाकाचा पाय घट्ट धरावा, हादरे थांबल्यावर मग जिना, आणि तेथून मैदान. चौकटींत उभें राहावें हा आमच्या लहानपणींचा सल्ला आजच्या पातळ चौकटींच्या कामाचा नाहीं, हेंही सांगावें लागलें.

पहिल्याच सरावास एक मुलगी बाकाखालीं जाईना. ती किल्लारीकडची, औसा तालुक्यांतील. ‘सर, आमच्या घरात टेबल असतं तरी काय उपयोग झाला असता?’ तिनें विचारलें. वर्गांत शांतता पसरली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून दमलेलीं माणसें गाढ झोपलेलीं, पहांटेचे चार वाजावयाचे होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेलें माळवद. तें सारें निजलेल्यांच्या अंगावर आलें. हिची आजी अंगणांत बाजेवर निजली होती, म्हणून वांचली. आम्ही निरुत्तर झालों, कारण मुलीचें म्हणणें बरोबर होतें. तसल्या घरांत दाराजवळ निजणारानें बाहेर पडणेंच शहाणपणाचें. बाकाचा आडोसा ज्या इमारतीचा सांगाडा टिकेल तिच्यांतच उपयोगी. आणि सिमेंटचा सांगाडा टिकतोच असेंही नाहीं. २००१ च्या २६ जानेवारीस धरणीकंप झाला कच्छांत, पण दोनशेंहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेंत खांबांवर उभ्या केलेल्या, खालीं वाहनांसाठीं मोकळ्या सोडलेल्या नव्या इमारती कोसळल्या. म्हणून पुढच्या प्रत्येक सरावाआधीं आम्ही मुलांस प्रथम एकच गोष्ट विचारूं लागलों : तुम्ही जेथें निजतां तें घर कशाचें आहे? सुटींत गांवीं जाणाऱ्या मुलांस त्या मुलीनेंच फळ्यापाशीं उभें राहून माळवदाविषयीं सांगितलें. आमच्या व्याख्यानास जांभया देणारीं पोरें तिचें बोलणें मुकाट्यानें ऐकत होतीं.

मांडी मोडलेला मुलगा पुढें अभियंता झाला. थंडींत पाय दुखतो असें तो पत्रांतून लिहितो. तक्रार म्हणून नव्हे, हवामान कळवावें तसें.

गेल्या वर्षीं त्या वसतिगृहांत जाण्याचा योग आला. मुद्दाम रात्रीं दहानंतर गेलों. दारास आंतून नुसती कडी होती, कुलूप नव्हतें. मैदानांत मात्र, धक्क्यानंतर मुलांनीं जेथें जमावयाचें त्याच जागीं, पांच-सहा मोटारी ओळीनें उभ्या होत्या. नव्या रेक्टरांस तें सांगावयास गेलों. त्यांनीं आदरानें खुर्ची दिली, चहा मागविला, आणि त्यांतली पांढरी मोटार आपलीच असल्याचें सांगून ते किल्ली शोधूं लागले.