जुनी मर्सिडीज आणि खारा वारा

जुनी मोटार घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा वाटतो. पैशांपाशी तो सुरू होतो हे खरे. पण तिथेच संपत नाही. 2025 च्या दिवाळीनंतरचे दोन महिने आम्ही उभयतांनी या एकाच प्रश्नाच्या संगतीत काढले. त्या विचारमंथनातून जे हाती लागले, ते आपल्या किनाऱ्यावरच्या इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

गाडी आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची. जन्मभर बोटीवर नोकरी केलेल्या त्या माणसाने निवृत्तीनंतर मालवणजवळ घर बांधले आणि मुंबईहून आपली लाडकी मर्सिडीजही गावी आणली. ई-220, सन 1996. ते निवर्तल्यानंतर गाडीने दोन पावसाळे शेडमध्ये उभ्याने काढले. वहिनींनी आता मुलाकडे वसईला जायचे ठरवले होते. त्या म्हणाल्या, "परक्याच्या हाती देण्यापरीस तुम्हीच घ्या. तुमच्याकडे राहिली तर ह्यांना बरं वाटेल." किंमत त्यांनी सांगितली पावणेदोन लाख रुपये.

आम्हांला गाडीची गरज होतीच. आईचे वय ब्याऐंशी. महिन्यातून एकदा तरी तिला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्यावे लागते आणि रात्रीबेरात्री दुखणे उद्भवले, तर भाड्याच्या गाडीसाठी दहा दारे ठोठवावी लागतात. घराचे वासे-रिपा बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले दोन लाख रुपये बँकेत होते. छप्पर आणखी एक पावसाळा तग धरील, असे सुतार म्हणत होता. म्हणजे गाडी घ्यायची तर ती छपराच्या पैशांतून, हे उघड होते.

या गाडीची कुळकथा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनी 1994 मध्ये भारतात आली आणि 1995 पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात तिच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना पुढे 2009 मध्ये उभा राहिला. पिंपरीला प्रथम जी गाडी तयार झाली, ती जाणकारांच्या भाषेत 'डब्ल्यू-124'. 1984 साली जर्मनीत अवतरलेली ही मालिका बळकटपणाबद्दल आजही वाखाणली जाते. दार लावताना होणारा तो भरीव, गंभीर आवाज आम्हीही ऐकला आणि, खोटे कशाला बोला, मनातल्या मनात त्याच क्षणी व्यवहार पक्का केला.

आवाजाबरोबर मानही येतो. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात ही गाडी उभी राहिली, तर चार माणसे वळून पाहणार. कुणाच्या मुलीचे लग्न निघाले, की नवरीसाठी गाडी सजवायला मागणार. माणसाला हे आवडते. आम्हांलाही आवडले असते. परंतु आईला बांबोळीला नेण्याच्या कामी या मानाचा काही उपयोग नव्हता, ही गोष्ट आम्ही एकमेकांना वारंवार सांगत राहिलो.

मग आम्ही वही घेऊन बसलो. जुन्या उंची वस्तूची गंमत अशी, की काळाबरोबर तिची किंमत उतरते. तिचा खर्च मात्र उतरत नाही. पावणेदोन लाखांत जुनी मारुतीही मिळते आणि जुनी मर्सिडीजही मिळते. पण पुढे भाग बदलायची वेळ आली, की मारुतीला मारुतीचा भाग लागतो आणि मर्सिडीजला मर्सिडीजचा. आज नवी ई-क्लास पाऊण कोटीच्या पुढे आहे. सुट्या भागांचे दर त्याच घराण्याला शोभतील असे. त्यात ही पेट्रोल गाडी. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तिच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे घडलेली. शिवाय त्या वर्षांतल्या काही मर्सिडीज गाड्यांच्या इंजिनातील तारांचे आवरण वयोमानाने ठिसूळ होऊन गळते, ही सर्वश्रुत गोष्ट.

सरकारी बाजूही पाहिली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट 2025 पासून दहा हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा. आणि 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून मान मिळवायला मोटारीला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणजे आमची ही वयोवृद्धा नव्यांत बसणारी नव्हती आणि पुराणवस्तूंतही जमा होणारी नव्हती.

तरीही मन मागे हटेना. तेव्हा कुडाळहून एका मेकॅनिकला बोलावले. आमचे शेजारी, ज्यांची हयात मासेमारीत गेली, तेही कुतूहलाने आले. मेकॅनिक बॉनेट उघडून इंजिनाकडे कौतुकाने पाहत असताना शेजारी म्हणाले, "रंग कित्याक बघतास? आधी बूड बघा." होडी विकत घेणारा माणूस वरच्या रंगाला भुलत नाही, तो वाळूवर आडवा होऊन तळाच्या फळ्या सुरीने टोचून पाहतो. गाडी जॅकवर चढवली. दारांखालच्या पट्टीत, जॅक लावण्याच्या जागी, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत गेले. रंग शाबूत, पत्रा पोखरलेला. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसते, दमट हवेत ओलावा धरून ठेवते आणि आतून कुरतडत जाते. आपल्या खिडक्यांच्या गजांची जी गत, तीच जर्मन पोलादाची. खाऱ्या वाऱ्याला कुळी समजत नाही.

मेकॅनिक प्रामाणिक होता. तो म्हणाला, "इंजिन छान आहे, पण हे काम माझं नव्हे. कोल्हापूरला किंवा गोव्याला न्यावी लागेल. भाग तिथेही नसला, तर पुण्या-मुंबईहून मागवायचा." त्या एका वाक्याने आमच्या वहीतल्या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांना अर्थ आला. वस्तू आपल्याला परवडते की नाही, हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. तिची दुरुस्ती जाणणारा हात आपल्यापासून किती दूर आहे, यावरून ठरते.

आमचे चिऱ्याचे, कौलारू घर काय कमी खर्चिक आहे? दर पावसाळ्याआधी कौले परतावी लागतात. लाकडी होडीला माशाचे तेल चोपडावे लागते; पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की तिला किनाऱ्यावर ओढून झापांखाली जपावे लागते. पण कौले परतणारा आणि होडीची फळी बदलणारा गावातच असतो. म्हणून ही जुनी घरे, जुन्या होड्या गरिबाच्याही हाती टिकतात. प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून 2023 पर्यंत धावली, ती काही जर्मन मर्सिडीजपेक्षा बळकट होती म्हणून नव्हे. नाक्या-नाक्यावरच्या गॅरेजात तिची नाडी ओळखणारा माणूस होता म्हणून. तसा माणूस नसेल, तर बळकटातली बळकट गाडीही अनाथ होते.

याचा अर्थ जुनी मर्सिडीज घेणारा वेडा, असा मुळीच नाही. वापरा आणि फेका, अशा या काळात तीस-तीस वर्षे टिकणारी वस्तू जपणे, हे एक व्रतच आहे. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, ज्याला स्वतःला पाने-पेंचिस हाती धरण्याची हौस आहे, किंवा ज्याच्या शहरात जाणता कारागीर आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. आम्हांला मात्र रात्री दोन वाजता हमखास सुरू होणारी गाडी हवी होती. आईला सारे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "गाडी येतली, पण तिका सांभाळतलो कोण?"

वहिनींना नकार कळवणे सर्वांत अवघड गेले. त्यांच्या लेखी ती मोटार नव्हती, पतीची आठवण होती. आम्ही त्यांच्या घरी जाऊन गंजलेली पट्टी दाखवली, मेकॅनिकचे म्हणणे सांगितले आणि तिच्यासाठी योग्य घर शोधून देण्याचा शब्द दिला. पाच आठवडे फोनाफोनीत गेले. शेवटी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी, तळाचा गंज स्वतः पाहून, दीड लाखाला ती घेतली. किंमत पंचवीस हजारांनी उतरली. पण गाडी जिथे जन्मली, त्या मुलखातल्या जाणत्या हातांत गेली. वहिनींनी तिच्या किल्लीची कातडी पिशवी तेवढी मागून घेतली.

आम्ही कुडाळहून एक साधी, सात वर्षांची छोटी गाडी हप्त्यांवर घेतली. छपराचे पैसे छपरासाठी राहिले. मे महिन्यात सुतार यायचा आहे. नव्या गाडीचे दार लावताना पत्र्याचा पोकळ आवाज होतो. आईला तो ऐकू येत नाही. तिला बसायला-उतरायला सीटची उंची बरोबर आहे, म्हणते.