सार्जंटनं भरलेली ओळ

अकरावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त लेडी ग्रेगरी यांची 'द रायझिंग ऑफ द मून' ही एकांकिका आम्ही शिकवतो. डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये ती १९०७ साली पहिल्यांदा रंगमंचावर आली. आयर्लंडमधल्या एका बंदराचा धक्का, चांदणी रात्र, तुरुंगातून निसटलेला बंडखोर आणि त्याला पकडायला उभा असलेला पोलीस सार्जंट. पकडून देणाऱ्याला शंभर पौंडांचं बक्षीस. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, कला शाखेच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, एसटीनं नाहीतर सायकलवर येणारी मुलं. भाषा आणि साहित्य दोन्ही हातात हात घालून शिकवायला मला याहून चांगला पाठ मिळालेला नाही.

वाक्य वाचायचं, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, पुढचं वाक्य घ्यायचं, शेवटी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची, ही आपल्याकडची रूढ पद्धत. तिनं गोष्ट कळते. पण मुलांवर इंग्रजीत बोलायची वेळच येत नाही, कारण सांगण्यासारखं सगळं शिक्षकाकडेच असतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये 'बंगळूर प्रकल्प' राबवला, तो नेमका यावरच बोट ठेवणारा होता. व्याकरणाचा नियम समोर ठेवण्याऐवजी एक काम समोर ठेवायचं. एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, आणि ती इकडून तिकडे गेल्याशिवाय काम पुरं होत नाही. हा विचार आपल्याच देशातल्या साध्या शाळांमधून पुढे आला, याचं मला फार अप्रूप आहे. हे कळल्यापासून पाठ उघडण्याआधी मी एवढंच शोधते, की यात कुणाला काय माहीत नाही.

या एकांकिकेत ते शोधावं लागत नाही. सुरुवातीलाच पोलीस फरारी माणसाच्या वर्णनाचं पत्रक चिकटवत असतात. पुस्तक उघडू न देता मी बाकावरच्या जोडीतल्या एकाला ते वर्णन देते, दुसऱ्याला कोरा कागद. एकानं इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून चित्र काढायचं, न कळल्यास इंग्रजीतच विचारायचं. काळे केस, काळे डोळे, तुळतुळीत चेहरा, उंची पाच फूट पाच इंच. चित्रं झाली की हा माणूस वर्गात शोधायला सांगते. मागच्या वर्षी दोन मिनिटांत निम्म्या मुलांकडे बोटं गेली. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, एव्हरीबडी इज थीफ!" त्या माणसाला चोर म्हणायचं का, यावर पुढे बरंच बोलणं झालं. पण मुद्दा त्याला पक्का सापडला होता. या वर्णनावर माणूस पकडता येणार नाही, आणि सार्जंटची अडचण तीच आहे. न वाचताच मुलं त्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

मग धक्क्यावरचं पिंप. फाटक्या कपड्यांतला एक माणूस गाणी विकणारा म्हणून येतो, आणि सार्जंट आणि तो पिंपावर पाठीला पाठ लावून बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. वर्गात दोन खुर्च्या पाठमोऱ्या ठेवल्या की झालं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे शब्द स्पष्ट उच्चारावा लागतो आणि कान देऊन ऐकावं लागतं. मायकेल वेस्ट यांची एक जुनी रीत इथे उपयोगी पडते. वाक्यावर नजर टाकायची, मान वर करायची आणि मग ते म्हणायचं. पुस्तकात बघत म्हणायचं नाही. वेस्ट यांनी ढाक्यात शिकवलं होतं आणि १९६० साली त्यांनी गच्च भरलेल्या वर्गांत इंग्रजी कसं शिकवावं यावर पुस्तक लिहिलं. आमचा वर्ग बघूनच लिहिलंय असं वाटावं, इतकं ते जवळचं आहे. मान वर केली की वाक्य घोकलेलं राहत नाही, कुणाला तरी सांगितलेलं होतं.

या प्रवेशातच मला माझ्या कामाचं मर्म दिसतं. तो फाटका माणूस बंडखोरांचं जुनं गाणं म्हणतो आणि एक ओळ चुकवतो. सार्जंटला राहवत नाही. तो ती ओळ भरतो, आणि तिथेच त्याचं तरुणपण उघडं पडतं, कारण कधीकाळी दोस्तांबरोबर हीच गाणी त्यानंही म्हटलेली असतात. ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर चुकीचं बोललं की तो गप्प बसूच शकत नाही. मी हे वर्गात जसंच्या तसं करते. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट इंग्रजीत सांगायला घेते आणि पेटाऱ्यांत आंबे भरते. "नो मॅडम, स्वीट्स!" साल १६७४ सांगते. "सिक्स्टीन सिक्स्टी सिक्स!" एरवी हजेरीलाही जेमतेम आवाज फुटणारी मागच्या बाकावरची मुलगी मला पूर्ण वाक्यात दुरुस्त करते. तिच्याकडे देण्यासारखं काहीतरी असतं आणि ते मला हवं असतं, म्हणून ती बोलते.

तो फाटका माणूसच फरारी बंडखोर निघतो आणि शेवटी सार्जंट त्याला सोडून देतो. एक जण सार्जंट म्हणून पुढे बसतो आणि वर्ग त्याला जाब विचारतो. कुणी वरिष्ठ अधिकारी, कुणी सोबतचा शिपाई, कुणी त्याची बायको. प्रश्नांची तयारी गटात होते आणि ती मराठीत होऊ द्यावी, असं माझं ठाम मत आहे. विचार आपल्या भाषेत खोल जातो. तो दाबून टाकला तर इंग्रजीत आणायला उरतं काय? गेल्या वर्षी सार्जंटची बायको झालेल्या मुलीनं विचारलं, "व्हाय यू लेट हिम गो? हंड्रेड पाउंड वॉज फॉर अवर चिल्ड्रन." व्याकरण मी तिथे दुरुस्त केलं नाही. सार्जंट झालेला मुलगा बराच वेळ उत्तर शोधत होता, तेव्हा मध्ये बोलणं हा अपराध ठरला असता. मी वहीत टिपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी 'डिड' वापरून प्रश्न कसे करायचे ते याच प्रश्नांवरून घेतलं. आपलीच वाक्यं फळ्यावर बघून मुलांनी तो धडा ज्या लक्षानं केला, ते व्याकरणाच्या पुस्तकानं होत नाही.

आमच्या भागात हा पाठ इथे थांबत नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचं प्रतिसरकार इथल्याच गावांमधून चाललं. घरच्या म्हाताऱ्या माणसांना भूमिगतांबद्दल मराठीत विचारायचं आणि ऐकलेलं वर्गात इंग्रजीत सांगायचं, हा गृहपाठ मी देते. उसाच्या फडात रात्री भाकरी पोचवणाऱ्या पणजीची गोष्ट एका मुलानं सांगितली. 'भाकरी'ला त्यानं भाकरीच म्हटलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. मग एका मुलीनं विचारलं की तेव्हा आपल्याकडच्या पोलिसांत कुणी असा सार्जंट असेल का. त्या तासाला घंटा झाली तरी कुणी वह्या मिटल्या नाहीत.

परीक्षेचं काय, असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, अभ्यासक्रम वेळेत संपवावाच लागतो. म्हणून प्रत्येक पाठाला हे सगळं मी करत नाही. काही पाठ सरळ वाचून पुढे जाते आणि वाचलेला वेळ नाटकांना देते. आता इब्सेनचं 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' आहे. गावाच्या उत्पन्नाचा आधार असलेल्या स्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे सांगणाऱ्या डॉक्टरवर गाव उलटतं, ते १८८२ सालचं नाटक. त्यातली जाहीर सभा आम्ही वर्गात भरवणार आहोत. गट पडलेत, डॉ. स्टॉकमन व्हायला तीन मुली तयार आहेत, आणि नगराध्यक्षाच्या बाजूचा गट कालपासून मला आपले मुद्दे सांगायलाही तयार नाही.