ओट्यावरचे फडताळ

कळव्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी खाडीच्या बाजूला. दुपारी तीननंतर ऊन थेट ओट्यावरच्या सागवानी फडताळावर येते. वडिलांनी वखारीतून जुन्या दरवाजांच्या फळ्या आणून ते सुताराकडून करवून घेतले होते. वीस वर्षांत त्याची दारे राखेसारखी फिकी पडली. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे काढून ट्रॉल्या बसवू." चौकशी केली, तर आमच्या चार महिन्यांच्या पगाराइतका खर्च! पतपेढीतून कर्जाचा अर्जही आणला.

फडताळ रिकामे करताना दारावरचे कॅलेंडर काढले. वर्षानुवर्षे कॅलेंडर एकाच खिळ्याला. त्याच्यामागचा चौकोन अजून गडद तपकिरी होता. आम्ही थांबलो. म्हणजे लाकूड गेले नव्हते, गेली होती फक्त वरची कातडी. लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतो. पण हे नुकसान वरवरच्या अगदी पातळ थरापुरतेच असते.

मग चार रविवार आम्ही घरीच खपलो. दारे उतरवून मागे खडूने नंबर टाकले. तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून दारे सावलीत वाळवली. पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवे घासले तर ओरखडे राहतात. लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम भांड्याने त्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर एक दिवस सोडून. एक सावधगिरी सांगतो : या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच फेका.

रंग परत आला. फडताळ पुन्हा भिंतीवर चढवताना आम्ही पत्नीला सहज म्हणालो, "कुठे हात पोचतो, तिथे खूण कर." तिने हात वर केला आणि पेन्सिलीने रेघ ओढली. जुन्या जागेपेक्षा रेघ नऊ इंच खाली होती.

"अहो, वीस वर्षं मी पाटावर चढूनच डबे काढतेय," ती म्हणाली. "पावसाळ्यात एकदा पडलेही होते. तुम्ही मीटिंगला गेला होतात."

वडील उंच होते. सुताराने माप घेतले ते त्यांच्या हाताचे. त्या मीटिंगांतून आम्ही स्त्री-पुरुष समतेवर तास तास बोललो, आणि घरच्या ओट्याचे माप कधी विचारले नाही. मुलगी तेव्हा दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही.

फडताळ गॅसच्या डोक्यावर नव्हते, म्हणून खाली घेता आले. नऊ इंच खाली घेतले. खिडकीला जाड पडदा लावला, कारण ऊन काही थांबणार नाही. पाट माळ्यावर गेला.

कर्जाचा अर्ज कोराच आहे. वाचक बंधूंनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा घासून पाहा. आणि ती रोज जिच्या हाताखाली असते, तिला आधी विचारा.