टिपेटसाहेब आणि लेजरवाले काका

१९९३ सालचा ‘जुरासिक पार्क’ बघताना लोक डायनासोरला घाबरतात. मला काळजी फिल टिपेटची. हा गृहस्थ बाहुल्या इंचाइंचानं हलवून पडद्यावर प्राणी नाचवणारा. कॉम्प्युटरचा डायनासोर धावताना पाहिला आणि म्हणाला, संपलो आपण! आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा लेजरवाल्या काकांचा चेहरा अगदी अस्साच झाला होता. पण मौज पुढेच आहे. जनावर अंगाचं वजन कसं पेलतं, मान कशी वळवतं, हे ठाऊक टिपेटला. मग काय, ठेवून घेतला. काही दृश्यांसाठी त्याच्या माणसांनी सांध्यांत सेन्सर बसवलेला सांगाडा हातानं हलवायचा, कॉम्प्युटरनं ती हालचाल निमूट उतरवून घ्यायची आणि तयार जनावर खऱ्या नटांच्या चित्रणात सोडायचं! काका मात्र रिटायर होईपर्यंत प्रिंटआउटची बेरीज बोटांवर ताडून बघत. दोनदा फरक सापडला, बरं का!