काबरीचा पाय

प्रिय नलू,

तुझ्या मेसेजांना उत्तर दिलं नाही म्हणून फुगून बसली असशील. पण ही गोष्ट अंगठ्याने टाइप करण्याजोगी नाही, ऐसपैस पत्रच हवं, म्हणून थांबले होते. तू सगळा जन्म मस्कतच्या इस्पितळात माणसांना पट्ट्या बांधल्यास, आणि इथे मी निवृत्तीनंतर कोंबडीच्या पायाला बांधत बसले आहे. हस खुशाल. इथलेही सगळे हसून झालेत.

काबरी तुला आठवते का? तू आलीस तेव्हा ती नुकती तलंग होती, खळ्यात तुझ्या चपलेचा बंद ओढत होती ती. गिरिराज जातीची आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसात पाळण्यासाठी तयार केलेली ही जात, अंगाने भक्कम. आमच्या गावठी कोंबड्या तिन्हीसांजेला फणसावर चढतात. हिला तेवढं उडता येत नाही, पण हौस तीच. म्हणून ही चिऱ्यांच्या थप्पीवर चढून झोपते आणि सकाळी ते सगळं वजन घेऊन धप्पकन जांभ्यावर उतरते. त्यात यंदा पाऊस हटायचं नाव घेईना. खळं सतत ओलं, तिचे तळवे सतत ओले.

पाऊस सरता सरता ती लंगडायला लागली. आधी उजवा पाय नुसता जपून टेकायची. मग तो पोटाच्या पिसांत ओढून घेऊन उभी राहू लागली. कोंबड्या एरवीही तशा उभ्या राहतात, त्यामुळे चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय कोंबडी आपलं दुखणं दाखवत नाही, कारण दुबळी दिसली की बाकीच्या टोचायला धावतात. पण काबरी बसल्या बसल्याच कणी टिपायला लागली, आणि मग घरात एकेकाचं निदान सुरू झालं.

हे म्हणाले, मानमोडी. मानमोडीत, म्हणजे पुस्तकातल्या राणीखेत रोगात, मान पिळवटते, हिरवट पातळ शी होते, आणि एकीपाठोपाठ दुसरी आडवी होते. इथे तसलं काही नव्हतं. लासोटा लशीचे थेंब सगळ्यांना दिलेले आणि बाकीच्या कोंबड्या ठणठणीत. गुणाकाकी कुंपणापलीकडून म्हणाली, “कोंबयेक कसलो दवाखानो गो? वाटाप घाल नि मोकळी हो!” तिच्या दृष्टीने लंगडी कोंबडी म्हणजे वडे-सागोतीचं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी तिलाच वाईट वाटलं असावं. म्हणाली, राखणदाराला कोंबा बोल, बरी होईल. कोंबडी वाचावी म्हणून कोंबडा द्यायचा! मी राखणदाराचा मान राखून गप्प बसले.

एवढी मतं झाली, पण पाय उलटा करून कोणी बघितला नव्हता. काळोख पडला की कोंबडी मऊ होते, कुठेही उचला. रात्री तिला काखेत घेतलं आणि ह्यांना बॅटरी धरायला लावली. तळव्याच्या बरोबर मध्ये मसुराएवढी काळी खपली, भोवती सगळं टम्म सुजलेलं आणि हाताला गरम. कोंबडीचं अंग मुळातच एक्केचाळीस-बेचाळीस अंशांवर असतं, तरी दोन पायांतला फरक बोटांना कळत होता. दुसरा हात छातीच्या हाडावरून फिरवला तर ते धारेसारखं वर आलेलं. पिसांमुळे ती भरलेली दिसत होती, आत मात्र वाळली होती.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ओळीत दोन गाई, एक शेळी आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली काबरी. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी तळव्याआधी तिचं बसणं बघितलं. एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडली असती, तर ते म्हणे मॅरेक्स. 1907 साली योझेफ मारेक या हंगेरीच्या पशुवैद्याने त्याचं वर्णन केलं होतं, म्हणून हे नाव. विषाणू मज्जातंतूंत शिरतो आणि त्यावर औषध नाही. जी काही लस द्यायची, ती पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या. आमचं दुखणं त्या मानाने गरीब. उडीने किंवा काट्याने तळवा सोलवटतो आणि त्यातून जिवाणू आत जातो. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, तुझ्या वॉर्डातला जुना ओळखीचा.

आता तुझ्या कामाचं सांगते. पक्ष्याचा पू वाहत नाही! तो घट्ट होत जातो, पनीरसारखा. त्यामुळे गळू पिकून आपोआप फुटेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. डॉक्टरांनी जागा बधिर करून खपली उचलली आणि आतला पिवळट खडा चिमट्याने अख्खा बाहेर काढला. काबरीने एकदाच “क्वॉक” केलं. घरी हे करू नका असं त्यांनी मला दोनदा बजावलं. माझ्या चेहऱ्यावरचा उत्साह त्यांना दिसला असणार.

मग रोजची पट्टी. कोंबडीला टॉवेलात गुंडाळायची, पण छाती आवळायची नाही. तिला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हलतं तेव्हाच हवा आत जाते. आवळून धरली तर हातातल्या हातात गुदमरेल. उताणीही फार वेळ ठेवायची नाही. कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग कोरडा करून आयोडीन, गॉजची घडी, आणि पट्टी बोटांच्या बेचक्यांतून आलटून पालटून. आधी मी घोट्याभोवतीच गुंडाळत होते, ती दोन पावलांत निसटायची. बेचक्यांतून नेली तेव्हा टिकली. हातमोजे घालत होते, कारण हा जिवाणू माणसालाही सोडत नाही, हे तुला मी काय सांगायचं. औषध चालू असेतो आणि त्यानंतरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नव्हती. त्या काळात तिने एकही अंडं घातलं नाही, म्हणून तो प्रश्न तिनेच सोडवला.

खाणं हा मोठा पेच होता. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं तेव्हा गुणाकाकीने कानावर हात ठेवले. पण तिचाच एक सल्ला मी लगेच मानला: नुसता पांढरा भात घालू नको, कोंडा घाल. काकीला कल्पना नाही, पण या सल्ल्याच्या मागे एक नोबेल उभं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले. तो जंतूच्या मागे, आणि इतक्यात कोंबड्या आपोआप बऱ्या! चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना का म्हणून द्यायचा, असं म्हणून नव्याने तो बंद केला. त्या खडूस माणसामुळे बी-1 जीवनसत्त्वाचा माग लागला, आणि 1929 चं नोबेल आइकमानला विभागून मिळालं. स्वयंपाक्याचं नाव मी पुष्कळ शोधलं, कुठे सापडलं नाही. वर्गात जीवनसत्त्वांचा धडा इतकी वर्षं शिकवला, पण त्यात लंगड्या कोंबड्या आहेत हे मुलांना सांगितलं असतं तर धडा लक्षात राहिला असता त्यांच्या. काबरीचं दुखणं ते नव्हे, तरी कोंडा ती आवडीने खाते.

तिचा मुक्काम आंब्याच्या पेटीत, पेंढ्यावर, पडवीत. बाकीच्यांना ती दिसेल अशी पेटी मुद्दाम ठेवली. फार दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की तिला परकी समजून सगळ्या मिळून टोचतात. कोंबड्यांमधली ही वरखाल शेल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाने लहानपणापासून बघून ठेवली आणि 1920 नंतर छापली. आमच्याकडे ती बघायला नॉर्वेजियन लागत नाही. पांढरी कोंबडी रोज पेटीपाशी येऊन काबरीचा तुरा न्याहाळायची. काबरी आजारी असूनही मान फुगवून बघायची, आणि पांढरी जायची. पट्टी मात्र लाल घेऊ नकोस कधी. लाल दिसलं की त्या टोचतात. निळी उत्तम.

बरी झाली हे कसं ओळखलं, तर चालण्यावरून नाही. औषधाच्या जोरावर चालतही होती. कोंबडी उकरते ते बघ: एका पायाने ओरबाडायचं तर दुसऱ्यावर सगळा भार पडतो. दुखण्यात काबरीने उकरणंच सोडलं होतं. परवा माडाच्या आळ्यात ती डाव्या पायाने माती उडवत होती. म्हणजे उभी उजव्यावर! मी ह्यांना हाका मारून बोलावलं, ते अर्धी दाढी तशीच ठेवून आले.

चिऱ्यांची थप्पी आता हलवली आहे. ह्यांनी खुराड्यात गुडघ्याइतक्या उंचीवर सपाट रीप ठोकून कडा घासून दिल्या. खाली भाताचं तूस पसरलंय. पहिल्या रात्री काबरी रिपेवर न बसता रिपेखाली झोपली. ह्यांनी तो अपमान मनाला लावून घेतलाय.

आणि हो, डिसेंबरात येशील तेव्हा स्वतःलाच चिकटते, पिसांना चिकटत नाही, ती पट्टी तुझ्याकडे मिळते ना? चार रोल आण. कोणासाठी म्हणून विचारलं तर सरळ सांग, घरच्या माणसासाठी. माप विचारलं तर एक इंच. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
शकू