तिनं विचारलं म्हणून

आमच्या धनजमध्ये तिला सगळे नुसतं ताई म्हणतात. ती गावची आशा कार्यकर्ती. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिनंच नको म्हटलं. माझं गर्भाशय आज शाबूत आहे आणि माझ्या दुखण्याचं खरं नाव मला ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी मी तिच्याकडून मिळालेल्या मानते.

लग्न होऊन इथं आले तेव्हा शरीराबद्दल मला फार थोडं कळत होतं. पाळी म्हणजे सांभाळून घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही अशी गोष्ट, एवढंच माहेरी शिकले होते. धाकट्या मुलीनंतर काही वर्षांनी अंगावरून फार जाऊ लागलं. गाठी पडायच्या. पाळी कधी दोन महिने यायची नाही, आणि आली की थांबायची नाही. सोबत इतरही बरंच काही होतं, पण ते सगळं एकाच दुखण्याचं असेल असं मनात आलं नाही. केस मूठमूठ गळायचे, चेहरा सुजायचा, आवाज घोगरा झाला होता. भर उन्हाळ्यात मला चादर लागायची. निंदायला गेले की धुऱ्यावरच बसून राहावंसं वाटे. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या जातीला हे चालायचंच. त्या कठोर नव्हत्या. त्यांनी स्वतः तेच सोसलं होतं आणि त्यांनाही कुणी दुसरं काही सांगितलं नव्हतं.

शेवटी एका ठिकाणी दाखवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ दिसली आणि सल्ला मिळाला की मुलं झाली आहेत, पिशवी काढून टाका. मला तो सल्ला पटला होता, हे सांगायला हवं. ओळखीच्या कितीतरी बायांनी पिशवी काढली होती. दर महिन्याची कटकट जाईल, मजुरी बुडणार नाही, असाच विचार मीही केला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला होता, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली होती. पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नाही. सोयाबीनचे पैसे आले की ऑपरेशन करायचं, असं घरात ठरलं.

हे ठरलं त्याच वर्षी, 26 सप्टेंबर 2022 ला, घटस्थापनेच्या दिवशी राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम सुरू झाली. अठरा वर्षांवरच्या बायांची तपासणी करायची होती. ताई घरोघरी फिरत आमच्याकडे आली. सोंगणीचे दिवस, मला थांबायला वेळ नव्हता.

"वहिनी, पाळी कशी आये?" तिनं विचारलं.

"बरी आये," मी म्हटलं. असंच म्हणायची सवय होती.

ती उठली नाही. "बरी म्हंजे कशी? रात्री कपडा बदलाले उठा लागते काय तुमाले? गाठी पडतात?"

असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जिथं पिशवी काढायला सांगितलं, तिथंही नाही. मी सांगत गेले आणि ती ऐकत राहिली. केसांचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, आवाजाचं तर तिनंच ओळखलं. ऑपरेशनचं ऐकून म्हणाली, "घाई नोका करू. आंधी थायराईडचं रक्त पाहू, मंग काय ते ठरवा." सासूबाईंना तिनंच समजावलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन रक्त तपासायला कारंज्याला गेली.

थायरॉईडच्या तपासणीत टीएसएचचा आकडा शंभराच्या वर निघाला. साधारण तो चार-पाचच्या आत असतो. हिमोग्लोबिन सातच्या आसपास होतं. आमचा जिल्हा 1998 पासून वाशिम, पण धनजच्या माणसाला अमरावतीच जवळची, म्हणून पुढं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. थायरॉईड वाढला म्हणून मी घाबरले होते. बाईंनी सांगितलं की वाढलेला आहे तो मेंदूतून येणारा हुकूम. थायरॉईड ग्रंथी मंदावली, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच जास्त सोडून तिला कामाला लावू पाहते. म्हणजे आकडा मोठा, तेवढी ग्रंथी कमी चालते. ती मंदावली की अंडाशयातून बीज वेळेवर सुटत नाही आणि प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर वाढतच जातं आणि मग एकदम, खूप दिवस रक्त जातं. माझी गाठ लहान होती. एवढ्या रक्तस्रावाचं कारण बहुधा ती नव्हती. पिशवी काढली असती तर रक्त थांबलं असतं, पण थायरॉईड तसाच राहिला असता. थकवा, सूज, केस गळणं चालूच राहिलं असतं. शिवाय कमी वयात गर्भाशय काढलं की अंडाशय ठेवूनही पाळी बंद होण्याची लक्षणं लवकर येऊ शकतात, हेही तिथंच कळलं.

निदान कळलं तरी भीती गेली नाही. जन्मभर रोज गोळी घ्यायची हे ऐकून मी रात्रभर रडले. मीच काही खाण्यापिण्यात चुकले का, असं वाटत राहिलं. एकीनं कोबी सोडायला सांगितलं, दुसरीनं आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव आणायला. ताईनं मीठ बदलू दिलं नाही. पुढच्या तपासणीत कळलं की माझ्या शरीराची संरक्षणव्यवस्थाच थायरॉईड ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उठली आहे. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरनं 1912 मध्येच या आजाराचं वर्णन केलं होतं. यात माझा दोष नव्हता. एवढं कळल्यावर मन बरंच हलकं झालं.

गोळी सुरू होऊनही पहिल्या तपासणीत आकडा म्हणावा तसा उतरला नाही. तेव्हाही ताईच कामी आली. ती घरी आली आणि म्हणाली, गोळ्या कशा घेता ते दाखवा. मी सकाळी थायरॉईडची आणि रक्तवाढीची गोळी एकत्र, चहासोबत घेत होते. लोह आणि कॅल्शियम या औषधाला आतड्यातून नीट शोषू देत नाहीत, म्हणून मध्ये चार तास जायला हवेत. चहाआधीही निदान अर्धा तास. हे कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं आरोग्य केंद्रात विचारून खात्री केली, आणि लोहाची गोळी माझ्या दुपारच्या जेवणानंतर लावून दिली. दीड-दोन महिन्यांनी परत रक्त पाहिलं तेव्हा आकडा खूप खाली आला होता. पाळी रुळायला त्याहून जास्त वेळ लागला, पण रुळली. गाठ अजून आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी करते. ती वाढली तर पुढं काय करायचं ते तेव्हा बघू, पण कशासाठी करतो आहोत हे कळून करू.

पुढं वाचनालयातून डॉ. राणी बंग यांचं 'कानोसा' आणून वाचलं. गडचिरोलीच्या दोन खेड्यांत राणीताई आणि अभय बंग यांनी बायांची तपासणी केली होती. तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव बायांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ होत्या. हे वाचून मला ताईचं ते उठून न जाणं आठवलं. आमच्याच विदर्भातल्या बायांना कुणीतरी आधी विचारलं होतं, त्यांचं ऐकलं होतं आणि जगाला ते मोजून दाखवलं होतं. ज्या बायांनी तेव्हा लाज बाजूला ठेवून सांगितलं, त्यांचंही माझ्यावर ऋण आहे.

2023 च्या ऑक्टोबरात राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या. वर्षभर माझ्या गोळ्यांची वेळ सांभाळणाऱ्या ताईला पगार नाही, मोबदला मिळतो, हे मला तेव्हा नीट समजलं. तिचा कापूस वेचायला आला होता आणि ती मोर्चात. आम्ही काही बाया तिच्या वावरात गेलो. संध्याकाळी परतल्यावर तिनं आधी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, रक्त तपासायची तारीख झाली काय. झाली होती. मी म्हटलं, उद्याच जाते. ती म्हणाली, मग जाऊबाईलेही घेऊन जा, तिचाही आवाज बसला आये. आदल्याच आठवड्यात ताईनं तिलाही पाळीचं विचारलं होतं.