राहिलेली पायरी

शाळेत मागे पडलेल्या मुलाला सर्वांत मोठे भय अभ्यासाचे नसते. आपण मागे पडलो आहोत हे इतरांना कळेल, याचे असते. हे मी केवळ शिक्षिका म्हणून सांगत नाही. एके काळी त्या भयाने मला स्वतःला पुरते घेरले होते.

२००५ सालची गोष्ट. पेडणे तालुक्यातील आमच्या गावाहून मी नववीच्या वर्गाला जात असे. त्या जुलैत मला कावीळ झाली आणि सहा आठवडे अंथरुणात गेले. चवथीची सुट्टी संपवून मी वर्गात परतले, तेव्हा बीजगणितात समीकरणे चालू झाली होती. मैत्रिणीच्या वह्या आणून मी आठ दिवसांत सारे काही सुवाच्य अक्षरात उतरून काढले. वही पूर्ण झाली, म्हणजे अभ्यासही पूर्ण झाला, अशी मी मनाची समजूत घातली. वर्गात ‘समजले का?’ असा प्रश्न आला की माझी मान सर्वांच्या आधी हले.

सहामाही परीक्षेत मला ५० पैकी ९ गुण मिळाले. ती उत्तरपत्रिका मी फडताळात जुन्या कागदांखाली दडवली आणि ती नेमकी आजोबांच्याच हाती लागली. ते रागावले नाहीत. मला जवळ बसवून त्यांनी आपली हकीकत सांगितली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. देवळाच्या पडवीत एका पंतोजींकडे अक्षरे आणि पाढे शिकून ते गुरांमागे गेले होते. मुक्तीनंतर गावोगाव प्राथमिक शाळा निघू लागल्या. १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर हे जन्माने पेडण्याचेच. त्यांच्या कारकिर्दीत या कार्याला मोठा वेग आला. आमच्या गावातही शाळा आली आणि मिसरूड फुटू लागलेले आजोबा आठ वर्षांच्या मुलांशेजारी तिसरीत जाऊन बसले. मुले हसत. “चार दिवस हसली आणि मग थकली,” आजोबा म्हणाले. “चेडवा, फाटीं वचूंक लज कसली गो?”

त्या रात्री मी धाकट्या भावाचे सहावीचे गणिताचे पुस्तक मागून घेतले. तेव्हा उमगले की माझी अडचण समीकरणांत नव्हतीच. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज मी दोन पंचमांश अशी लिहिली होती! भावाने विचारले, “ताई, दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी. मिळवल्यावर कमी कसे होईल?” मला उत्तर सुचेना. छेद समान करून पाच षष्ठांश कसे येतात, ते त्याने मला समजावले. ती पायरी माझ्या आजारात राहिली नव्हती. ती तीन वर्षांपूर्वीच राहिली होती. आजाराने ती फक्त उघडी पाडली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितले, “मला समजलेले नाही.” एवढे तीन शब्द उच्चारताना माझे पाय कापत होते. पुढे तीन आठवडे अपूर्णांक, मग सातवी-आठवीतील हवा तेवढाच भाग, असे करीत जानेवारीत मी वर्गाच्या बरोबरीला आले. वार्षिक परीक्षेत ३१ गुण मिळाले.

आज मी डिचोलीत मराठी शिकवते. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे धडे मोबाइलवर आले. ज्यांच्या वाड्यावर रेंज नव्हती, ती मुले त्यासाठी डोंगर चढत. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा वह्या भरलेल्या होत्या. परंतु आठवीतील काही मुले जोडाक्षराशी अडत होती. मला माझी ती सुवाच्य वही आठवली. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या हाती चौथीचे पुस्तक दिले. पहिले काही दिवस ती वर्गाचे दार लावून वाचत. पुढे दार लावण्याची कोणालाच आठवण राहिली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपली कोणती पायरी राहिली आहे, हे बहुधा आपले आपल्यालाच ठाऊक असते. ती शोधा, गुरुजनांना सांगा आणि धाकट्या भावंडाचे पुस्तक मागावयास कचरू नका. माझ्या भावाने ते देताना एकच अट घातली होती: पानांचे कोपरे दुमडायचे नाहीत.